गोळ्यांचा सात दिवसांचा डबा: सासऱ्यांच्या बीपीसाठी घेतला, वापरून बघितला

दादर स्टेशनबाहेर प्लास्टिकच्या वस्तूंच्या दुकानात दीडशेच्या आत मिळाला, कंपनी-बिंपनी काही नाही. सात पट्ट्या, प्रत्येकीत सकाळ-रात्र असे दोन कप्पे, पट्टी सुटी निघते आणि शर्टाच्या खिशात मावते. ५ पैकी साडेतीन स्टार.

आधी रडगाणं. वार इंग्रजी अक्षरांत, त्यात टी दोन आणि एस दोन, मग म्हाताऱ्या माणसाने मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला ते कसं ओळखायचं? मी मार्करने सो, मं, बु लिहिलं तर आठवड्यात पुसलं गेलं, शेवटी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं. झाकणं इतकी घट्ट की नखाने उघडावी लागतात, बोटं आखडलेल्यांनी तर लांबच राहावं.

आता डब्याचं खरं काम. महिनाअखेरीला स्ट्रिपमध्ये गोळ्या उरायच्या, विचारलं की पप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, उत्तर ठरलेलं, "अगं विसरलो." म्हणून डबा आणला. तर पहिल्यांदा संकष्टीचा कप्पा भरलेलाच सापडला, कारण काय तर उपास! डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले पाण्याबरोबर घ्यायची, उपास मोडत नाही, बीपी काय संकष्टी बघून सुट्टी घेतं का. ते पटलं त्यांना. पण रात्रीचे कप्पे मधूनमधून भरलेलेच, आणि हे काही विसरणं दिसेना, कारण सकाळची गोळी मात्र बरोब्बर जायची. दोन दिवस खोदून विचारल्यावर म्हणाले, "ती रात्रीची घेतली की पाय सुजतात, चप्पल चढत नाही, लग्नाला काय अनवाणी जाऊ?"

रात्रीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन होती, १० एमजी. तिने घोट्याला सूज येते, आणि डोस जास्त असला की जास्त येते, हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. त्यांनी डोस ५ वर आणला आणि जोडीला टेल्मिसार्टन (बीपीचंच दुसरं औषध) असलेली एकच गोळी सकाळी दिली, हळूहळू सूज उतरली. पप्पांनी हे आधी सांगितलं असतं तर? पण डॉक्टरांसमोर पाय सुजतात म्हणणं त्यांना तक्रार केल्यासारखं वाटतं आणि गोळी गुपचूप सोडणं नाही वाटत, घरोघरी हेच. डब्ल्यूएचओच्या २००३ च्या रिपोर्टमध्ये तर लिहिलंय की श्रीमंत देशांतसुद्धा कायमच्या आजारांची औषधं सरासरी निम्मेच लोक नीट घेतात, तेव्हा एकट्या पप्पांना काय बोलायचं. बीपी दुखत नाही ना, त्यामुळे माणसाला वाटतं गेलं. मशीनवर १२८/८० आलं की लगेच "आता कशाला गोळी", अहो ते गोळीमुळेच आलंय!

आणि हो, टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. ती गोळी दमट हवेत खराब होते, स्ट्रिपमधून काढून डब्यात सुटी टाकायची नाही, असं आमच्या मेडिकलवाल्याने बजावलंय. मुंबईचा पावसाळा म्हणजे मीठसुद्धा पाणी धरतं. मग मी स्ट्रिपच कात्रीने कापून एकेक गोळी फॉइलसकट ठेवते, आणि तिथेच अडतं, चौकोनी तुकडा कप्प्यात तिरका बसतो आणि झाकण लागत नाही. कोपरे गोल कापावे लागतात. एक्स्पायरी डेट असलेला तुकडा शेवटी वापरा, नाहीतर तारीख आधी कचऱ्यात जाते.

गणपतीला तुतारी एक्स्प्रेसने गावाला जाताना मात्र मजा आली. दरवर्षी गोळ्या मुंबईत राहायच्या आणि "गावची हवाच औषध" असं ऐकवलं जायचं, यंदा पट्ट्या सुट्या करून पप्पांच्या पिशवीत घातल्या आणि तिकडे सासूबाईंनी आरतीच्या ताटाशेजारी मांडून ठेवल्या. एकही कप्पा भरलेला परत आला नाही.

घ्यायचा असेल तर ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाताना फॉइलसकट कापलेली एक गोळी बरोबर न्या आणि कप्प्यात घालून झाकण लागतं का ते तिथेच बघा. खोल कप्प्यांचाही येतो म्हणे, थोडा महाग, मला दादरला दिसला नाही.