आल्प्स टू ओशन ट्रेल: भाड्याची ई-माउंटन बाईक, मस्त पॅकेज, आणि तिघांत एक चार्जर

न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडवर आओराकी माउंट कुकच्या पायथ्यापासून ओमारूच्या समुद्रापर्यंत जी तीनशेच्या वर किलोमीटरची आल्प्स टू ओशन ट्रेल जाते ती आम्ही ई-माउंटन बाईकवर केली, मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेव्हणा. वाटेतल्या ट्वायझल गावातल्या एका दुकानाकडून पॅकेज घेतलं होतं, म्हणजे सायकली, रोज सकाळी बॅगा उचलून पुढच्या मुक्कामी टाकणं आणि शेवटी व्हॅनने परत. दुकानाचं नाव टाकत नाही, तिकडे बरेच जण साधारण असंच पॅकेज देतात, त्यामुळे तुम्ही कुठूनही बुक केलंत तरी खालच्या गोष्टी आधी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, स्वतःची ई-बाईक भारतातून नेता येईल हे डोक्यातून काढा. मेव्हण्याने नवी कोरी घेतलीये त्यामुळे त्याची फार इच्छा होती, पण प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालतच नाही, हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, आणि ई-माउंटन बाईकची बॅटरी पाचशे-सहाशेच्या पुढेच असते. बॅटरी घरी ठेवून सायकल नेली तर पंचवीस किलोचं लोखंड ढकलत बसायचं. म्हणून भाड्यानेच घ्यायची, आणि भाडं साध्या सायकलीपेक्षा चांगलंच जास्त आहे हे मनाशी धरून चला.

आम्हाला हार्डटेल मिळाल्या, पुढे सस्पेन्शन, मागे नाही, बॉशची सीएक्स मोटर आणि ६२५ वॅट-अवरची बॅटरी. मेव्हणा फुल सस्पेन्शनसाठी अडून बसला होता, दुकानातला माणूस म्हणाला घ्या पण मागे कॅरिअर लागणार नाही, मग गप्प बसला. बरोबरच झालं, कारण ट्रेलचा बराच भाग खडीचा आणि बऱ्यापैकी गुळगुळीत आहे, थोडा डांबरीही आहे, फुल सस्पेन्शनचं वजन उगाच वागवायचं कशाला. टायर जाड, ब्रेक हायड्रॉलिक, सगळं व्यवस्थित. बायकोच्या सायकलचे मागचे ब्रेक पॅड झिजलेले निघाले, दाखवल्यावर तिथेच बदलून दिले, पण हे त्यांनी आधी बघायला नको का?

आता बॅटरीचं. सगळे चढ बघून प्लॅन करतात, आम्हीही चढ बघूनच केला, पण इथे बॅटरी खातो तो वारा. तिकडे वायव्येकडून जो वारा येतो त्याला नॉरवेस्टर म्हणतात आणि ट्रेल एकूणात समुद्राकडे उतरत आग्नेयेला जाते, म्हणून वारा पाठीवर राहील असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, फक्त ट्वायझल ते लेक ओहाऊ लॉज हा टप्पा उलटा वर वायव्येला जातो. नकाशावर अडतीसेक किलोमीटर, कॅनॉलच्या कडेने सपाट रस्ता आणि मग तळ्याच्या काठाने, बघून वाटतं टाइमपास आहे. वारा समोरून सुटला की इको मोडवर, म्हणजे मोटरची मदत सगळ्यात कमी असताना, सायकल हलत नाही, जास्त मदतीच्या टूर मोडवर टाकावी लागते आणि बॅटरीच्या दांड्या भराभर उतरतात. बॉशच्या वेबसाइटवर रेंज असिस्टंट म्हणून फुकट कॅल्क्युलेटर आहे, त्यात वजन, मोड, रस्ता आणि वारासुद्धा टाकता येतो, तो टप्प्याटप्प्याने भरा, पूर्ण ट्रेलचा एकदम भरून काही कळत नाही. आणि वजन भरताना स्वतःचं खरं वजन टाका, प्लस बॅग, प्लस पाणी.

त्याच्या पुढचा ओहाऊ लॉज ते ओमारामा हा दिवस सगळ्यात भारी आणि सगळ्यात अवघड. साधारण नऊशे मीटर उंचीपर्यंत अरुंद पायवाट चढत जाते, मध्ये ओढे, सुटे दगड, खाली अख्खं तळं दिसतं, आणि वाटेत दुकान नाही, प्लग नाही, बराच वेळ मोबाईलला रेंजही नाही. पाऊस झाला की ओढे फुगतात, त्यामुळे सकाळी लॉजवर विचारल्याशिवाय निघू नका. ई-बाईकचा खरा फायदा इथेच, चढावर ईएमटीबी मोड मोटरची मदत मस्त आपोआप जुळवून घेतो, पण उतरून ढकलायची वेळ आली की वॉक असिस्ट (ढकलताना मोटरची मदत) वापरा नाहीतर कंबर जाईल. बायकोने केलेली मेथीची थालीपिठं वर वाऱ्यात बसून खाल्ली, त्याला पाच स्टार वेगळे.

राग आला तो चार्जरवर. तीन सायकली आणि चार्जर एक! ६२५ची बॅटरी चार अँपियरच्या चार्जरवर रिकामीपासून भरायला पाचेक तास लागतात, म्हणजे तीन बॅटऱ्यांसाठी रात्री अलार्म लावून उठून बदलायच्या, जेवण झाल्यावर माणसाने झोपायचं की मोटारमनची ड्यूटी करायची. दुकानाला फोन केला तर म्हणे बहुतेक लोकांना पुरतो. कुठल्या लोकांना? शेवटी ओमारामात मोटेलवाल्या काकूंनी त्यांच्याकडचा एक काढून दिला, नशिबाने त्याच सिस्टिमचा होता. तर बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून घ्या, माणशी एक चार्जर, आणि ओहाऊच्या त्या दोन दिवसांसाठी जादा बॅटरी मिळते का.

बॅगांची सर्व्हिस मात्र एक नंबर, रोज आमच्या आधी बॅगा हजर.

बेनमोर धरणाकडे जाताना तळ्याच्या काठाने जो नवीन रस्ता काढलाय तो सुंदर आहे पण एका बाजूला सरळ खाली पाणी, उंचीची भीती असेल तर तिथे टर्बो, म्हणजे सगळ्यात जोरदार मोड, बिलकुल नको, जड सायकल एकदम पुढे झेप घेते. कुरो गावानंतर डोंगर मागे पडतात आणि चुनखडीचा प्रदेश लागतो, डंट्रून गावाच्या अलीकडे टाकिरोआला रस्त्यालगतच माओरी लोकांनी काढलेली जुनी खडकचित्रं आहेत आणि पुढे एलिफंट रॉक्स नावाचे मोठाले चुनखडीचे खडक, तिथे वेळ काढाच. हा सगळा भाग २०२३ पासून युनेस्कोचा जिओपार्क (भूवैज्ञानिक वारशाचा प्रदेश) आहे. शेवटचा डंट्रून ते ओमारू टप्पा पन्नासच्या वर किलोमीटर आहे आणि लोक उतार समजून निवांत निघतात, पण मध्ये चढ आहेत, बॅटरी पूर्ण भरूनच निघा.

माउंट कुकपासून खरी सुरुवात करायची तर टास्मान नदी ओलांडायला हेलिकॉप्टर लागतं, त्यांना सायकली ई-बाईक आहेत हे बुक करतानाच सांगा. ते नको असेल तर लेक टेकापोपासून सुरू करायचा पर्याय आहे, स्वस्त पडतो.

पॅकेजला साडेतीन स्टार, चार्जर दिले असते तर साडेचार. परतीची व्हॅन कधी सुटते तेही आधीच विचारा, ओमारूचे छोटे निळे पेंग्विन अंधार पडल्यावर समुद्रातून बाहेर येतात आणि आमची व्हॅन दुपारची होती, त्यामुळे तिथे एक रात्र जादा धरा.