बंदुकीची खिडकी डाव्या बाजूला होती

चार महिने मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, दिल्लीच्या मेहुण्याला माहीत होतं, बस्स. इथे गोव्यात, दिचोलीत कोणी विचारलं, "काय, नवी बंदूक आली का?" की "कागद व्हायचेत" म्हणून वेळ मारून न्यायचो. कागद होणार नव्हते आणि बंदूकही येणार नव्हती. बंदुकीच्या सौद्यात फसून माझे 2 लाख 60 हजार रुपये गेले होते.

आमच्या घरी बाबांच्या वेळची दुनळी बाराबोअर आहे. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत, रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, त्यासाठी पीक रक्षणाचं लायसन. बाबांच्या मागे ते रीतसर माझ्या नावावर झालं. खेळ म्हणून नेम धरायची गोडी लागली ती मात्र तीन वर्षांपूर्वी, मेहुण्याने मला तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर नेलं तेव्हा. हवेत उडवलेली जी चकती फोडायची, तिला आपण 'क्ले' म्हणतो, पण ती मातीची नसतेच. डांबरासारखं पिच आणि चुनखडीची भुकटी यांची ती बनते. व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅमच्या आसपास. एके काळी या खेळात जिवंत कबुतरं उडवायचे, मग काचेचे गोळे आले आणि 1880 मध्ये अमेरिकेत ही चकती निघाली. पहिल्या फेरीत 25 पैकी माझ्या सहा फुटल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. मग दर हिवाळ्यात दिल्लीला चकरा सुरू झाल्या आणि आकडा सतरापर्यंत गेला.

अडचण खांद्याची होती. स्कूटरवरून पडून उजवा खांदा एकदा निखळलेला, त्यामुळे रेंजवरच्या दुनळीने शंभर बार काढले की दुसऱ्या दिवशी हात वर जात नसे. तिथल्या प्रशिक्षकांनी गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक हाताळायला दिली. नळीला खालून बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा वायू त्यातून येऊन पिस्टनला ढकलतो, बोल्ट मागे जातो, रिकामं टरफल उजव्या खिडकीतून बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस नळीत चढतं. या सगळ्यात धक्का जरासा पसरतो. खांद्यावर बुक्की बसायची ती ढकलल्यासारखी झाली. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

या बंदुकीच्या खोडीही मी नीट समजून घेतल्या. गॅसवाल्या यंत्रणेत काजळी साचते, ती वरचेवर साफ करावी लागते. इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्याच्याच जोरावर चालणारी स्वच्छ राहते, पण धक्का थोडा जास्त देते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये, म्हणजे चकत्या फोडायच्या स्पर्धेत, 24 ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत आणि जड काडतुसांसाठी बनवलेली बंदूक इतक्या हलक्या बारावर कधी कधी टरफल बाहेर टाकायलाच नकार देते. शिवाय टरफल शेजारच्याच्या अंगावर उडतं. दुनळी मधून उघडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं, तसं हिचं दिसत नाही. खेळाच्या नियमांत सेमी-ऑटो चालते, पंप-ॲक्शन चालत नाही. एवढं सगळं मला पाठ होतं, आणि माझा घात तिथेच झाला.

म्हापशात एक-दोघांकडे चौकशी केली होती. तिथून कुठून तरी माझा नंबर एका मध्यस्थाला मिळाला असावा. फोनवरचं बोलणं अगदी अदबीचं, "बाब, तुमका जाय तशी वस्तू आसा" (तुम्हाला हवी तशी वस्तू आहे), अशी सुरुवात करून मग शुद्ध मराठी. वास्कोला एक निवृत्त कॅप्टन राहतात, आयुष्य शिपवर गेलं, कायमचे परत येताना इटालियन सेमी-ऑटो सोबत आणली, आता वय झालं म्हणून काढायची आहे. किंमत साडेसहा लाख. गोव्यात शिपवर माणूस नाही असा गाव सापडणार नाही, त्यामुळे मला यात वावगं काहीच वाटलं नाही.

मी गॅस की इनर्शिया विचारलं, 24 ग्रॅमवर चालते का विचारलं, चोक किती, नळी 28 इंची की 30, चेंबर 70 चा की 76 चा, सगळं विचारलं. प्रत्येक उत्तर बरोबर. एकदा तर म्हणाला, "नवी असताना हलक्या बाराला अडते, आधी थोडी जड काडतुसं घालून मोकळी करावी लागते." हे रेंजवरचा माणूसच बोलतो. त्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला. 'शेतावर पारवे टिपायलाही मस्त,' असंही म्हणाला. वन्य पक्षी मारायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, मला चकत्याच फोडायच्या आहेत, असं मी सांगितल्यावर लगेच "बरोबर, बरोबर" म्हणून विषय बदलला. कायद्याची गोष्ट किती सहज उडवून लावतो हे तेव्हाच टोचायला हवं होतं.

शुक्रवारच्या बाजारादिवशी म्हापशात चहाला भेटला. हातात प्लास्टिकची फाईल, आत कॅप्टनच्या लायसनची झेरॉक्स. कायदा मला समजावून दिला तोही त्यानेच: 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन बंदुका ठेवता येतात, तुमच्याकडे एकच आहे, म्हणजे एक जागा मोकळी. हे खरं आहे. विकणाऱ्याने आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, हेही खरं आहे. "कॅप्टनसाहेबांनी कळवून टाकलंय, मुदत 12 तारखेला संपते, मग दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." मी टोकन म्हणून तिथेच 25 हजार पाठवले. चार दिवसांनी दीड लाख. मग वाहतुकीचा परवाना आणि डीलरची नोंद म्हणून 85 हजार. तीन वेळा तीन वेगळी खाती, तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या नावावरची, कॅप्टनचं एकही नाही. "अकाउंटंटचं आहे" म्हणाला, मी मान डोलावली.

मग पणजीला कलेक्टर कचेरीत गेलो, बंदूक लायसनवर चढवायला काय काय लागेल ते विचारायला. टेबलावरच्या बाईंनी माझं लायसन उलटून पाहिलं, झेरॉक्स पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "भाऊ, सेमी-ऑटोमॅटिक साध्या लायसनवर चढत नाही. ती वेगळ्या वर्गात येते, त्याची परवानगी दिल्लीहून, गृह मंत्रालयाकडून. पैसे दिलेत का?" मी हो म्हटलं. त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग शिपायाला सांगून मला पाणी आणवलं.

45 दिवसांचंही त्यांनीच उलगडून सांगितलं. विकायच्या आधीच्या त्या कळवण्यात घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझी आणि त्या माणसाची पहिली बोलणी होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. मग 12 तारखेला मुदत संपणाऱ्या त्या कागदावर नाव कोणाचं होतं? हा प्रश्न मला म्हापशात चहा पिताना पडायला हवा होता. बंदुकीवर तासभर प्रश्न विचारणाऱ्या मला कागदावर एकही प्रश्न सुचला नाही.

त्या माणसाने मला बंदुकीचा एक व्हिडिओ पाठवला होता, तो त्याच रात्री मेहुण्याला पाठवला. त्याने तो प्रशिक्षकांना दाखवला आणि वीस मिनिटांत फोन आला. "खिडकी डावीकडे आहे." मी म्हटलं, डावखुऱ्यांची असते तशी. "शर्टाचा खिसा बघ." खिसाही उजव्या बाजूला. बटणपट्टीसुद्धा उलटी. म्हणजे कोणाचा तरी व्हिडिओ उचलून आरशासारखा उलटा केलेला. बंदुकीच्या अंगावर कंपनीचं नाव आणि प्रूफचे, म्हणजे चाचणीचे, शिक्के असतात तिथे चाळीस सेकंद अंगठा ठेवलेला. अक्षरं उलटी दिसली असती तर बिंग फुटलं असतं. मी तो व्हिडिओ पन्नासदा पाहिला असेन. माझं लक्ष लाकडाच्या रेषांवर होतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोपर्यंत शेवटचे पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. एका खात्यात 31 हजार गोठवता आले, बाकीची दोन खाती रिकामी. तक्रार नोंदवली आहे, पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला. पहिल्याच संशयाला फोन केला असता तर निदान 85 हजार हाती लागले असते, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. ते ऐकून घरी येताना मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

लिहायला बसलो ते मागच्या रविवारमुळे. वाळपईकडच्या एका बागायतदाराचा फोन आला, ओळखीतून. लायसन पीक रक्षणाचं, मुलगा ट्रॅपमध्ये उतरलाय, त्याच्यासाठी सेमी-ऑटो बघतोय, एक चांगली आली आहे, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. कॅप्टन या वेळी मडगावचे होते. मी विचारलं, व्हिडिओत खिसा कुठल्या बाजूला आहे? पलीकडे बराच वेळ शांतता. मग मुलाचा आवाज आला, "उजव्या. आणि अंगठा हलतच नाही."

टोकन सोमवारी पाठवायचं ठरलं होतं. पाठवलं नाही. सोमवारी सकाळी बापलेक व्हिडिओ, झेरॉक्स आणि तो नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मीही माझी फाईल घेऊन तिथे गेलो.