जुनी स्प्लेंडर बंद: कार्बोरेटर साफ करावा की नवा टाकावा?

नाशिकरोडला पावसाळाभर उभी राहिलेली ९७.२ सीसीची स्प्लेंडर किक मारून दमवते, तेव्हा आधी प्लग काढून बघा. ठिणगी निळी, पण प्लग कोरडा? म्हणजे पेट्रोलच पोचत नाही; बहुधा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) तुंबलाय.

साफसफाई स्वस्तात होते. फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या खालची पेट्रोल साठणारी वाटी) उघडला की तळाशी चिकट, पिवळट गाळ दिसतो. पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं, भोक केसाएवढं; त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

नवा टाकला की काम झटपट होतं (गॅरेजवाले म्हणूनच तो सुचवतात!). पण ओरिजिनल महाग, डुप्लिकेटचं ट्युनिंग बसता बसत नाही. थ्रॉटलची स्लाइड (अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कार्बोरेटरमध्ये वर-खाली सरकणारा भाग) झिजली असेल तरच मी नवा घेईन. टाकी गंजली असेल, तर आधी ती धुवा, नाहीतर गंज पुन्हा कार्बोरेटरमध्ये उतरेल.