टीबी आणि साखर एकत्र आली तर: सिव्हिल की खासगी?

घरात मधुमेह असलेल्या माणसाला टीबी निघाला की नाशिकमध्ये वाद ठरलेला. एक काका म्हणतात, त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये न्या. दुसरे म्हणतात, तिथल्या रांगेतच माणूस आजारी पडेल, ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. माझं मत आधीच सांगून टाकतो: टीबीची तपासणी आणि गोळ्या सरकारी घ्या, साखरेसाठी मात्र नेहमीचा फिजिशियन सोडू नका.

तपासणीत सरकारी बाजू सरस. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी फुकट होते आणि जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतोय की नाही, हेही त्यातच कळतं. हीच चाचणी खासगी लॅबमध्ये महाग पडते, म्हणून नुसता एक्स-रे बघून गोळ्या सुरू झालेले पेशंट अजूनही भेटतात. डॉक्टर कुठलेही असोत, नमुना नीट द्या: घशातली लाळ नको, सकाळी खोल खोकून छातीतून आलेला बेडका हवा. आणि औषधांना न जुमानणारा टीबी निघाला, तर वाद मिटलाच. बेडाक्विलिनसारखी औषधं सरकारी कार्यक्रमातूनच मिळतात.

साध्या टीबीला औषधं दोन्हीकडे तीच. पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन, रोज. सरकारी पाकिटात ती एकाच गोळीत असतात आणि गोळ्या वजनावर ठरतात: 35 ते 49 किलोला 3, 50 ते 64 ला 4. काट्यावर खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांसकट उभे राहू नका, काठावरच्या माणसाला रोज एका गोळीचा फरक पडतो. खासगीत औषधं सुटी लिहून घेता येतात. लिव्हरला सूज आली आणि एकेक औषध थांबवून बघायची वेळ आली, तर ते सोयीचं. सरकारीतली खरी भीती तुटवड्याची. 2024 मध्ये देशभर गोळ्यांची ओढाताण झाली होती. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच विचारणा करा.

आता साखर. खरी गुंतागुंत इथे आहे. टीबीमुळे साखर आधीच चढलेली असते, त्यात रिफाम्पिसिन ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या शरीरातून लवकर बाहेर काढतं. पेशंट पथ्य पाळतो, गोळी चुकवत नाही, तरी आकडा वर, आणि घरचे त्याच्यावर चोरून गोड खाल्ल्याचा आळ घेतात! मेटफॉर्मिनला हा त्रास फारसा नाही. बऱ्याच जणांना काही दिवस इन्सुलिन लागतं. टीबीच्याच आयसोनियाझिड या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, मधुमेहातही येतात. म्हणून सोबतची बी-6 ची गोळी टाळू नका. सरकारी ओपीडीत साखर तपासतात, पण दर आठवड्याला डोस हलवत बसायला तिथल्या डॉक्टरला वेळ कुठला? ते काम फिजिशियनचं. दोघांनाही एकमेकांची औषधं कळू द्या. एकच फाइल दोन्हीकडे न्या.

सरकारी मदतीच्या पैशांसाठी सिव्हिललाच नाव घालावं लागतं, हा गैरसमज. टीबीची नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणाचे महिना 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते) खासगी पेशंटच्या खात्यातही येतात. निक्षय आयडी मागितल्यावर टाळाटाळ करणारा डॉक्टर मी तरी बदलेन.

खासगीचा एक मुद्दा मला पटतो: गुप्तता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला दारात चौकशीला येणारा सरकारी आरोग्यसेवक नको असतो. पण घरच्यांची तपासणी आणि त्यांच्या प्रतिबंधक गोळ्या त्याच भेटीतून मार्गी लागतात. भेट नाकारू नका. हवं तर केंद्रावरच भेटतो म्हणून सांगा.

आणि कोर्स संपला की फिजिशियनकडे लगेच जा. रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो. साखरेच्या औषधाचा वाढवलेला डोस तसाच चालू राहिला, तर साखर धाडकन खाली येते.