पोट आणि मन दोन्ही बिघडलंय: चिनी वैद्याकडे काढा घ्यावा, सुया लावाव्यात, की आधी ताट बदलावं?

परीक्षेच्या सकाळी चार वेळा शौचाला पळणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. घरात वाद झाला की दोन दिवस ज्यांना जेवण जात नाही, अशी माणसंही पाहिलीत. पोटात गोळा येतो, कालवाकालव होते, अन्न गोड लागत नाही, असं आपण सहज बोलून जातो. पण एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल आलं आणि त्रास तसाच राहिला की माणूस दुसरी दारं ठोठावू लागतो. सिंगापूर किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला चिनी वैद्याचं दार घराजवळच सापडतं. पुण्या-मुंबईत निदान अ‍ॅक्युपंक्चरचं तरी.

आत गेल्यावर तीन वाटा समोर येतात: काढा, सुया आणि पथ्य. माझं मत आधीच सांगते. पथ्य आधी, सुया नंतर, काढा सगळ्यात शेवटी. चिनी परंपरेत मात्र मानाचं पान काढ्याचं आहे, म्हणून कारणं नीट सांगायला हवीत.

पहिल्याच भेटीत वैद्य दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन जागी बघतो, जीभ बाहेर काढायला लावतो आणि म्हणतो, ‘तुमची प्लीहा कमजोर आहे.’ घाबरून सोनोग्राफी करू नका. चिनी वैद्यकातली ‘पी’, म्हणजे प्लीहा, हे एका कामाचं नाव आहे: अन्नातून सत्त्व काढून ते शरीरभर पोचवणं. आपल्या अग्नीच्या कल्पनेजवळ ती जाते. अतिविचार, एकच गोष्ट डोक्यात घोळवत राहणं, हा या प्लीहेचा शत्रू मानला जातो. राग यकृताचा. गिळलेला राग यकृताची गती अडवतो आणि अडलेलं यकृत प्लीहेवर चाल करून जातं. ‘वृक्षानं मातीला दाबलं’ अशी तिथली भाषा आहे; वृक्ष म्हणजे यकृत, माती म्हणजे प्लीहा. मग कळ, मुरडा, जुलाब. चिंता, शोक, भय आणि क्रोध असताना बेतानं खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, असं चरकसंहितेचं विमानस्थान सांगतं. त्यामुळे मराठी वाचकाला हे अगदी परकं वाटू नये.

चीनमध्ये हा विचार युद्धातून घट्ट झाला. 1232 मध्ये मंगोलांनी खायफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर माणसं पटापट मेली. ली तोंगयुआन या वैद्यानं ते पाहिलं आणि निष्कर्ष काढला की यातल्या बहुतेकांना बाहेरून काही बाधलं नव्हतं. उपासमार, भीती आणि श्रमानं त्यांची पचनशक्तीच मोडली होती. प्लीहा आणि जठरावरचा त्याचा ग्रंथ 1249 चा, आणि चिनी वैद्य आजही त्याचा आधार घेतात.

त्याच्या थोडं आधीच्या चांग त्सहो या वैद्याची एक हकिकत मला फार आवडते. एका श्रीमंत घरातल्या बाईला अतिविचारानं दोन वर्षांहून जास्त काळ झोप नव्हती. वैद्य म्हणाला, हे प्लीहेचं दुखणं आहे. त्यानं नवऱ्याशी संगनमत केलं, भरपूर पैसे घेतले, काही दिवस तिच्याच घरी दारू प्यायला आणि औषध न देता निघून गेला. बाई भयंकर संतापली, घामानं भिजली आणि त्या रात्री तिला झोप लागली. पुढं तिला भूकही लागू लागली. रागानं विचाराची गाठ सोडवायची, हा उपचार. आज कोणी असं करू नये, पण झोप, भूक आणि मन ही एकाच दोरीची टोकं आहेत हे त्यानं ओळखलं होतं.

आता काढ्याकडे. तीन जुने योग, म्हणजे ठरलेली औषधी मिश्रणं, या दुखण्यात वारंवार लिहून दिले जातात. चिडचिड, छातीत दाटणं, पाळीच्या आधी पोट फुगणं, मन उतरणं असेल तर ‘शियाव याव सान’. हा चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या सरकारी औषधालयाच्या संग्रहातला योग. त्यात छायहू नावाचं मूळ, पांढरा पिओनी, पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, ज्येष्ठमध, आलं, पुदिना. ताण आला की कळ येऊन जुलाब आणि शौचानंतर बरं वाटणं, असं असेल तर चारच वनस्पतींचा ‘थोंग श्ये याव फांग’. त्यात संत्र्याची वाळवलेली सालही असते. आणि अतिविचारानं झोप गेली, भूक मेली, थकवा आला तर ‘ग्वेई पी तांग’. घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही, या तक्रारीसाठी चौथा योग आहे. चिनीत त्या त्रासाला आलुबुखाराच्या कोयीचं नाव आहे. आपण आवंढा म्हणतो.

माणूस बघून योग बदलणं हीच या पद्धतीची खरी ताकद, आणि तिची परीक्षाही झालीय. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात आयबीएसच्या, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी राहणाऱ्या दुखण्याच्या, 116 रुग्णांचे तीन गट केले: एकाला ठरावीक चिनी योग, दुसऱ्याला माणसागणिक बदललेला, तिसऱ्याला बिनऔषधी कॅप्सूल. 16 आठवड्यांनी दोन्ही औषधी गट पुढं होते. उपचार थांबल्यावर 14 आठवड्यांनी मात्र ज्यांचा योग त्यांच्यासाठी बदलला होता, त्यांचाच फरक टिकला. यावरून हुरळून जावंसं वाटतं. पण 2006 मध्ये हाँगकाँगमध्ये जुलाबाचा जोर असलेल्या 119 रुग्णांवर चिनी योग वापरला, तेव्हा तो बिनऔषधी गोळीहून सरस ठरला नाही.

फायदा असा अनिश्चित असताना धोका खरा आहे. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी मुळीच्या जागी नावानं जवळची दुसरी मुळी गेली. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून जास्त बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. साधा ज्येष्ठमधसुद्धा रोज, बराच काळ घेतला तर रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम कमी करतो. शियाव याव सानमधलंच तांगक्वेई हे मूळ वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना चालत नाही. भारतात अडचण आणखी वाढते, कारण आयुषच्या यादीत चिनी वैद्यक नाही. ऑनलाइन मागवलेल्या डबीत नेमकं काय आहे याची जबाबदारी कोण घेणार? ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यांची 2012 पासून राष्ट्रीय नोंदणी आहे. तिथला किंवा सिंगापूरचा नोंदणीकृत वैद्य असेल तरच काढ्याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

सुयांचं वेगळं आहे. भारत सरकारनं 2019 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढं ही विद्या शिकून भारतात परतले. सुया ठरावीक बिंदूंवर लावतात: गुडघ्याखाली चार बोटांवरचा झूसानली पचनासाठी, पायाच्या अंगठ्यामागचा ताइचोंग दबलेल्या रागासाठी, मनगटाजवळचा नेइग्वान मळमळ आणि छातीतल्या धडधडीसाठी. केसासारख्या बारीक सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात.

पुरावा? ऑपरेशननंतरच्या मळमळीवर नेइग्वान उपयोगी पडतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. आयबीएसबाबत 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात, 17 चाचण्या तपासल्या. खऱ्या सुया खोट्या सुयांहून सरस ठरल्या नाहीत, काही औषधांहून मात्र लोकांना त्या बऱ्या वाटल्या. म्हणजे आराम पडतो, पण तो नेमका बिंदूमुळं पडतो असं म्हणता येत नाही. अर्धा तास स्वस्थ पडणं, कोणीतरी झोप आणि रडू दोन्हींबद्दल शांतपणे विचारणं, याचाही त्यात वाटा असणार. मला यात कमीपणा वाटत नाही. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आणि शिकलेला हात असेल तर धोका कमी, म्हणून सुया काढ्याच्या वर.

पथ्याला कोणाचा परवाना लागत नाही. प्लीहेला थंड आणि कच्चं आवडत नाही असं चिनी लोक मानतात. म्हणून सकाळी तांदळाची किंवा बारीक भरडधान्याची गरम पेज, बर्फाचं पाणी बंद, रात्रीचं जेवण लवकर, आणि जेवताना वाद नाही. कोकणातल्या माणसाला पेज आणि आटवल नव्यानं शिकवायला नको. सॅलड आणि स्मूदीवर दिवस काढणाऱ्या फुगलेल्या पोटाला हे दोन आठवडे तरी करून बघण्यासारखं आहे.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, अ‍ॅनिमिया, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीजवळ पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर यातलं काहीही आधी नको, डॉक्टर आधी. जगणं नकोसं वाटत असेल तरीही तेच. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर वैद्याच्या सांगण्यावरून स्वतः बंद करू नका.

बाकीच्यांनी दोन आठवडे वही ठेवावी: काय खाल्लं, त्या दिवशी काय घडलं, पोट कसं होतं. पहिल्या भेटीला ती वही आणि चालू औषधांची यादी न्यावी. काढा दिलाच तर प्रत्येक वनस्पतीचं लॅटिन नाव लिहून मागावं आणि ते आपल्या डॉक्टरांना दाखवावं. नावं द्यायला कोणी तयार नसेल तर तिथून उठावं.