म्युपिरोसिन मलम २%, ५ ग्रॅमची ट्यूब: काम चोख, पण कोल्ड क्रीमसारखं चोपडायचं नाही

पाचपैकी चार स्टार. हे त्वचेच्या बॅक्टेरियल इन्फेक्शनवर लावायचं अँटिबायोटिक मलम. एक स्टार का कापला ते शेवटी सांगते.

जुलैमध्ये आमच्या साडेपाच वर्षांच्या चिरंजीवांना नाकाखाली मच्छर चावला, त्याने खाजवून खाजवून तिथे जखम केली आणि दोन दिवसांत त्यावर पिवळसर खपली धरली, अगदी मध वाळल्यासारखी. मग हनुवटीवर एक, गालावर एक. सासूबाई म्हणाल्या हळद लाव, पण मी शहाणी, ऑफिसातून येताना मेडिकलवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला, त्याने चिठ्ठी-बिठ्ठी काही न विचारता एक ट्यूब काढून दिली, "सगळ्यावर चालतं मॅडम". सगळ्यावर कसं चालतं ते खोका वाचला असता तर कळलं असतं, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये! पहिल्या दिवशी लाली उतरली म्हणून मी खुश, आणि चौथ्या दिवशी कानाजवळ दोन नवीन फोड.

मग गेलो स्किनच्या डॉक्टरांकडे. त्यांनी लांबूनच बघून सांगितलं, इम्पेटायगो आहे, लहान मुलांत खूप होतं, वरवरचं बॅक्टेरियल इन्फेक्शन असतं पण हाताने, टॉवेलने भराभर पसरतं. स्टेरॉइडने फक्त लाली आणि सूज दबते, जंतू मात्र आरामात वाढत राहतात, म्हणून आधी बरं वाटलं. ती ट्यूब तिथेच बंद करायला लावली, आणि दिलं हे म्युपिरोसिन, दिवसातून तीनदा.

लावायची पद्धत त्यांनी नर्सकडून करूनच दाखवली, कारण बहुतेक जण खपलीवरच मलम थापतात आणि मग औषध खाली पोचतच नाही. कोमट पाण्यात गॉज भिजवून खपलीवर पाच-दहा मिनिटं धरायचा, ती मऊ झाली की हळूच पुसून घ्यायची, ओढून काढायची नाही (पहिल्या दिवशी मी ओढली, रक्त आलं, पोराने अख्खी सोसायटी गोळा केली). मग कोरडं करून इअरबडने पातळ थर. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही, आणि आधी-नंतर साबणाने हात धुवायचे, नंतरचे तर नक्कीच. त्याची नखं कापली, टॉवेल वेगळा केला, उशीचं कव्हर रोज धुतलं, खपल्या सुकेपर्यंत शाळा बंद. खरं सांगू, मलमापेक्षा या धुण्यानेच माझा जीव घेतला.

तिसऱ्या दिवशी नवीन फोड यायचे थांबले, सहाव्या दिवशी नुसते गुलाबी डाग उरले. लावल्यावर थोडं चुरचुरतं, पहिले दोन दिवस तो पळायचा, नंतर सवय झाली. मलम तेलकट, चकचकीत, आणि ओठाजवळ असल्यामुळे चाटायची भीती, म्हणून लावलं की पंधरा मिनिटं कार्टून. डोळ्यात जाऊ द्यायचं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की डॉक्टरांनी शेवटची तारीखही लिहून दिली. बरं दिसलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायचं नाही, आणि दहा दिवसांच्या पुढे ओढायचं नाही. तीन ते पाच दिवसांत फरक नाही पडला, ताप आला, लाली भराभर पसरली किंवा खूप ठिकाणी फोड आले तर मलमावर बसायचं नाही, परत दाखवायचं, मग पोटात घ्यायचं औषध लागू शकतं. आणि हे प्रत्येक ओरखड्यावर, मच्छर चावल्यावर लावत राहिलं तर जंतूंना त्याची सवय होते आणि खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही. साधं खरचटलं तर साबण-पाणी आणि वर पट्टी, बास. गंमत म्हणजे हे औषध मुळात एका बॅक्टेरियानेच बनवलेलं, सूडोमोनास नावाच्या, दुसऱ्या बॅक्टेरियांना मारायला. भाऊबंदकी सगळीकडेच.

भाजल्यावर किंवा मोठ्या उघड्या जखमेवर हे मनाने लावायचं नाही. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारायचंच, कारण मलमाचा जो बेस असतो, म्हणजे औषध ज्यात कालवलेलं असतं ते, तो तशा जखमेतून अंगात शोषला जाऊ शकतो आणि मग तो किडनीलाच बाहेर टाकावा लागतो. आमच्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनीचाच त्रास, पायाच्या जखमेला तीच ट्यूब लावू का विचारत होते, म्हणून मी मुद्दाम विचारून घेतलं.

आता तो कापलेला स्टार. एक्सपायरी डेट ट्यूबच्या शेपटीवर ठोकलेली, आणि आपण टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत आणतो, म्हणजे चार दिवसांत तारीख गुंडाळीच्या आत गडप! आणि झाकण एवढंसं की ते कॉटखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही, उरलेलं मलम उघडंच राहिलं म्हणून टाकून दिलं. शेजारच्या ताई लेकीच्या पिंपल्ससाठी मागत होत्या, त्यांना म्हटलं टाकलं, तर त्यांना वाटलं मी खोटं बोलतेय.