पूर्ण तांब्याची शिकारी गोळी: आठ महिने आणि अकरा हरणांनंतरचा अनुभव

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मी गेली नऊ वर्षे परवाना घेऊन हरणांची शिकार करतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांसाठी आधी इथली परिस्थिती सांगतो. हरीण इथले मूळचे नाही. रेड डिअर एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून आणले गेले, सिका ही हरणाची दुसरी जात १९०५ मध्ये सोडली गेली, आणि त्यांना मारून खाणारा एकही हिंस्र प्राणी इथे नसल्याने ते कोवळी रोपे फस्त करून जंगल नव्याने उगवूच देत नाहीत. म्हणून संवर्धन खाते सरकारी जंगलात शिकारीची परवानगी विनामूल्य देते. आमच्या घरी वर्षभर हेच मांस शिजते, आणि गोळी बदलण्याचे कारणही तेच झाले.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये एका डॉक्टरांनी गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्स-रे काढले, तेव्हा त्यात बंदुकीच्या गोळीतल्या शिशाचे कण दिसले आणि ते मांस वाटू नये असे आरोग्य विभागाला सांगावे लागले. हे वाचल्यापासून रस्सा वाढताना माझा हात अडखळू लागला. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते आणि त्याची सुरक्षित मात्रा कोणतीच मानली जात नाही. जखमेच्या भोवतालचे मांस कापून टाकले म्हणजे पुरे, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर, डोळ्यांना दिसणार नाहीत असे पसरतात.

नेहमीच्या शिकारी गोळीत तांब्याच्या पातळ कवचात शिसे भरलेले असते आणि टोकाशी ते उघडे किंवा प्लास्टिकच्या टोपीखाली असते. प्राण्याला लागताच टोक चेपून पसरते, गोळीची रुंदी जवळपास दुप्पट होते आणि फुफ्फुसातून जाताना ती रुंद जखम करते. टोक पूर्ण झाकलेली गोळी मात्र बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर जखमी अवस्थेत दूर जाऊन तासन्‌तास तडफडते. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात बनलेल्या, टोकाला शिसे उघडे ठेवलेल्या गोळ्यांच्या वादानंतर १८९९ च्या हेग घोषणेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र, मरण लवकर यावे म्हणून, तशीच गोळी वापरणे हे मी कर्तव्य मानतो. अडचण अशी, की शिसे मऊ असल्याने जवळून, जास्त वेगात हाडावर आदळले तर गोळी फुटून तिचे तुकडे होतात आणि ती खोलवर पोहोचत नाही. अमेरिकी शिकारी जॉन नोस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवून पुढचा भाग पसरला तरी मागचा शाबूत राहील अशी रचना केली, ती याच अडचणीवर. पूर्ण तांब्याच्या गोळीत शिसेच नसते. टोकाशी पोकळी असते आणि आघाताने तिची भिंत उकलून चार पाकळ्या बाहेर वळतात.

मी .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसात १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमची, प्लास्टिक टोकाची गोळी वापरली. पूर्वी माझी शिशाची गोळी १६५ ग्रेनची होती. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांना जास्त पीळ लागतो. शिवाय ती वजन गमावत नसल्याने थोडी हलकी घेऊन वेग वाढवणे शहाणपणाचे ठरते.

मार्च ते ऑक्टोबर या काळात मारलेल्या अकरा हरणांपैकी दहांमध्ये गोळी आरपार गेली. एका मोठ्या नराला ती तिरकी लागून खांद्याचे हाड मोडून पलीकडच्या चामड्याखाली अडकली होती. ती काढून वजन केले तर १४७ ग्रेन भरले, आणि चारही पाकळ्या जागच्या जागी होत्या. मागच्या वर्षी साठ मीटरवरून शिशाच्या गोळीने एका फॅलो हरणाचा खांदा इतका फुटला होता की पुढचा अख्खा पाय टाकून द्यावा लागला. एका जिवाचे मांस असे वाया जाणे मला अजून सलते. या वर्षी तसे एकदाही झाले नाही.

आता त्रुटी सांगतो, कारण ती जनावराला भोगावी लागते. तांबे कठीण असल्याने उघडायला वेग लागतो. उत्पादक साधारणपणे सेकंदाला ५५० ते ६०० मीटर ही खालची मर्यादा सांगतात. माझ्या रायफलची नळी फक्त ४२ सेंटिमीटर आहे आणि मोजणीयंत्रावर गोळीचा वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ८०० मीटर भरला. जून महिन्यात मी एका सिका नरावर ३४० मीटरवरून, खांद्यामागे फासळ्यांत नेम धरला. त्या अंतरावर वेग ५९० च्या आसपास उरतो, म्हणजे अगदी मर्यादेच्या काठावर. नर दचकला आणि झाडीत शिरला. रक्ताचा माग तुटक होता, नर सापडायला दीड तास लागला, आणि बाहेर पडलेल्या गोळीचे भोक करंगळीएवढेही नव्हते. चूक माझी होती. मी शिशाच्या गोळीचे अंतर तांब्याच्या गोळीला लावले होते. तेव्हापासून मी २५० मीटरच्या पुढे गोळी झाडत नाही आणि मऊ फुफ्फुसापेक्षा पुढच्या खांद्याच्या रेषेवर नेम धरतो, कारण हाडाच्या प्रतिकाराने पाकळ्या नक्की उघडतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. काडतुसे आमच्या दुकानात दीडपट महाग पडतात, पण वर्षाला लागतात किती? नळीत तांब्याचा थर लवकर साचतो, म्हणून दर वीस गोळ्यांनंतर तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने नळी साफ करावी लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कॉन्डोर गिधाडे शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खाऊन शिशाने मरत होती. इथे तशी सक्ती नाही, तरी मी परत शिशाकडे जाणार नाही.

पुढच्या मार्चमध्ये, मिलनाच्या हंगामातले नरांचे ओरडणे सुरू होण्याआधी, याच रायफलमधून १३० ग्रेनची तांब्याची गोळी तपासणार आहे. तिचा सुरुवातीचा वेग जास्त असल्याने आखूड नळीलाही उघडण्याइतका वेग आणखी काही मीटर टिकेल, अशी माझी अपेक्षा आहे. २५० मीटरची मर्यादा मात्र, लक्ष्याच्या कागदावर आणि ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर खात्री होईपर्यंत, आहे तीच राहील.